जोडलेला ताणा

मार्गशीर्षातलं ऊन विणकरांच्या आळीत उतरतं तेव्हा ते मधुवर्ण असतं, मंदगती असतं आणि कुणाचंही मिंधं नसतं. धाब्याच्या घरांच्या मातकट माथ्यांवर ते पसरतं. वाळत घातलेल्या रेशमाच्या लडींतून गाळून निघतं, गुलाबी होतं, जांभळं होतं, तुळशीच्या मंजिऱ्यांवर क्षणभर रेंगाळतं. म्हाताऱ्यांच्या पाठी शेकतं, करडाच्या कानांतून आरपार जातं, उंबऱ्यावरच्या झिजलेल्या रांगोळीलाही वगळत नाही. ऊन सगळ्यांकडे येतं.

खड्ड्यात येत नाही.

खड्डा म्हणजे मागाचा खड्डा. विणणारं माणूस जमिनीच्या काठावर बसतं, पाय खाली सोडतं, खाली लोंबणाऱ्या पावड्या आळीपाळीनं दाबतं, आणि वर, मांडीच्या पुढ्यात, पैठणी उमलत जाते. वर सुवर्णजरीचे मोर, शुकयुगुलं, कमलवेली, खाली अंधार. वर रेशमाची झळाळती शेज, खाली ओल. बघणारे वरचं बघतात, वाहवा करतात आणि चहा पिऊन निघून जातात.

त्या अंधारात गेली कित्येक वर्षं द्वारकेचे पाय होते.

आळीच्या मागून कालवा गेला तेव्हा गावानं पेढे वाटले होते. ऊस आला, कांदा आला, माळ हिरवा झाला. आणि कालव्याचं पाणी, चोरपावलांचं, मृत्तिकेतून वाट काढणारं, जमिनीखालून चालत द्वारकेच्या घरी आलं. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की खड्ड्याच्या तळाशी आधी ओल दाटायची, मग पाणी जमायचं, मग घोट्यापर्यंत चढायचं. पाणी पाटात जातं, पिकात जातं, आणि एका बाईच्या हाडांत जातं. त्या शेवटच्या गोष्टीची नोंद कुठल्याही पाटकऱ्याकडे नव्हती.

द्वारका विणत होती. घोटे सुजले, द्वारका विणत होती. टाचांच्या भेगा पांढऱ्या पडल्या, द्वारका विणत होती. खट् आणि खटाक्, खट् आणि खटाक्, आणि पदरावर एकेक मोर डोळे उघडत होता.

माग खरं तर तिच्या नवऱ्याचा, रंगनाथाचा. पण त्याची कंबर धरली, डॉक्टरांनी खड्ड्यात उतरू नका म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून तो वर आला नि ती खाली गेली. तिच्या पायांबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलं नाही, कारण तिला डॉक्टरांकडे कुणी नेलंच नव्हतं.

रंगनाथ वाईट नव्हता. हे सांगायलाच हवं, नाहीतर राग करणं फार सोपं होईल. तो रेशीम आणायचा, जर आणायचा, तयार पैठणी व्यापाऱ्याकडे पोचवायचा, आणि उरलेल्या वेळात ओट्याजवळच्या लाकडी खुर्चीत पांढरीशुभ्र टोपी घालून बसायचा. हिवाळ्यात शहरातले पाहुणे यायचे. सुवासिक, हळुवार, मोठ्या कॅमेऱ्यांचे. झरोक्यातून मागावर पडणारा तिरपा किरण पाहून त्यांना भरून यायचं.

रंगनाथ त्यांना सांगायचा, हा चार पिढ्यांचा माग. आणि खरी गोष्ट पुढेच असायची. पैठणी संपत आली की विणकर ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे मुळापासून काढत नाही. फणीतून, दोरे वेगळे धरणाऱ्या मागाच्या कंगव्यातून, आलेली जुनी टोकं तशीच ठेवतो, आणि बोटांना राख लावून, एकेका जुन्या टोकाला नव्या ताण्याचं एकेक टोक पिळून जोडतो. हिरव्याला लाल, लालला निळा, निळ्याला पिवळा. म्हणजे पणजोबांनी लावलेला धागाच रंग बदलत बदलत आजपर्यंत चालत आला. जोडलेला ताणा विणून संपेपर्यंत माग जागचा हलत नाही, आणि जोडलेला ताणा या घरात कुणी कधी कापला नाही. हे तो इतकं सुंदर सांगायचा की पाहुण्यांचे डोळे ओलावायचे. डोळेच. बाकी त्यांचं सगळं कोरडं असायचं.

जाताना ते म्हणायचे, किती जिवंत घर आहे हे, कधी सोडू नका हं. मग गाडीच्या काचा वर करून आपापल्या उन्हातल्या घरांकडे निघून जायचे. ज्या पाण्यात आपल्या पायाचा अंगठाही बुडवावा लागत नाही त्या पाण्याला जिवंत म्हणायला काय जातं? काहीच जात नाही. तेवढ्या एका वाक्यावर रंगनाथ पुढचे दोन महिने ताठ चालायचा.

आणि माळावर, नव्या वसाहतीत, लेकीच्या, मंदाच्या घराशेजारी, दोन खोल्यांचं एक घर कित्येक दसऱ्यांपासून रिकामं उभं होतं. मंदाच्या दिरानं बांधलेलं. तो नोकरीसाठी लांब गेला आणि मावशी, राहा तुम्ही, म्हणून किल्ली द्वारकेच्या हातात ठेवून गेला. वरचा मजला, पूर्वेला मोठी खिडकी, कोरडी फरशी. तिथे लोखंडी सांगाड्याचा माग बसणार होता. त्याला खड्डा लागत नाही. विणणारं माणूस बाकावर बसतं, माणसासारखं.

ती किल्ली द्वारकेनं कमरेला खोचली. खड्ड्यात बसली की ती किल्ली पोटाला टोचायची, आणि तिला ते टोचणं आवडायचं.

जायचं की राहायचं, हा प्रश्न त्या घरात रोज चुलीसारखा पेटायचा आणि रोज राख होऊन विझायचा. रंगनाथ नाही कधी म्हणाला नाही. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. तो म्हणायचा, हा पदर उतरू दे. पदर उतरला की म्हणायचा, आता ताणा जोडला गेलाय, एवढा संपू दे. अशा मऊ, गुळचट, रेशमी होकारांत तिच्या आयुष्याचे किती हिवाळे गुंडाळले गेले, ते तिनं मोजणं सोडून दिलं होतं.

तिला कळत होतं तो का अडतो ते. खड्ड्यात उतरता न येणारा विणकर या घरात, या झरोक्याखाली, या खुर्चीत बसला तरच विणकर होता. माळावरच्या खोलीत तो नुसता एक म्हातारा झाला असता. तिला त्याची कीव यायची. त्या किवेपायीच ती इतकी वर्षं पाण्यात बसली. पण कीव हे सुद्धा एक सूतच असतं; किती ताणायचं त्याला?

म्हणून या वर्षी तिनं मंदाच्या देखत त्याला मागावर हात ठेवायला लावला. डाळिंबी पैठणी उतरली की ताणा जोडायचा नाही, माग सोडायचा. तो हो म्हणाला. हात मागावर होता, डोळे झरोक्याकडे होते.

डाळिंबी पैठणी उतरली. तिच्या काठावरची नारळी नक्षी सरळ, कडक, जराही न थरथरलेली. द्वारकेनं ती शेवटची म्हणून विणली होती, आणि शेवटच्या कामात माणूस किती चोख होतं ते त्या पदराकडे बघून कळलं असतं. रंगनाथ ती व्यापाऱ्याकडे घेऊन गेला. द्वारका मंदाकडे मुक्कामाला गेली, नवं घर झाडायला.

तिनं फरशी पुसली, खिडकीचे गज पुसले, चूल नव्हती तिथे शेगडी मांडली. मग काम संपल्यावर खिडकीतल्या उन्हात दोन्ही पाय पसरून बसली. ऊन आलं. आधी नखांवर, मग बोटांवर, मग त्या निळसर, पाणसट, कुणीही कधी न पाहिलेल्या घोट्यांवर. मंदा चहा घेऊन आली तर आई रडत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, ऊब लागली.

दुसऱ्या दिवशी कलत्या दुपारी ती भांडी न्यायला आळीतल्या घरी परतली. ओट्यावर पाय ठेवताच तिला चुलीतल्या राखेचा वास आला.

रंगनाथ मागाशी उभा होता. त्याच्या दहाही बोटांना राख होती. बरोबर शेजारचा, ताणे जोडून देणारा विणकर होता, तो तिला पाहून मान खाली घालून निघून गेला. आणि मागावर, भिंतीतल्या खुंटीपासून फणीपर्यंत, ताठ, तेजाळ, निर्लज्ज असा नवा ताणा पसरला होता. डाळिंबी टोकांना अबोली टोकं. एकूणएक जोडलेली. वर हळदकुंकू, फोडलेला नारळ.

अबोली तिचा आवडता रंग होता. लग्नात तिनं अबोलीच नेसली होती, आणि ते त्याला आठवत होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली असं म्हणतात. द्वारकेच्या तळपायांत आग कधी नव्हतीच, तिथे ओल होती. तरीही ती आग गेली. मस्तकात, डोळ्यांत, कानांच्या पाळ्यांत गेली. विसरला असता तर तिनं सोसलं असतं. पण तो आठवणीनं वागला होता. तिच्या आवडीचा रंग शोधून, आणून, त्याच रंगानं त्यानं तिला खाली बांधलं होतं. माणसाला बांधायला धागा पुरेल असं फक्त विणकरालाच वाटू शकतं.

तो हळूच म्हणाला की एवढ्या दोन पैठण्या उतरू देत, मग नक्की. मग टोपी सारखी करत म्हणाला, "आपल्या घराण्यात जोडलेला ताणा कुणी कापला नाय, द्वारके."

"घराण्यात खड्ड्यात बसलं कोण होतं, ते पण सांगत जा पाव्हण्यांना," ती म्हणाली.

ती ओरडली नाही. आवाज चढवायला छातीत जागा लागते, आणि तिची सगळी छाती रागानं भरली होती. तिनं खड्ड्यावरची फळी बाजूला सारली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बसा."

"माझी कंबर..."

"माझे पाय," ती म्हणाली. "बसा."

तो बसला. मागापुढे बसताच त्याचा चेहरा उजळला, खोटं कशाला सांगा. हात आपोआप फणीकडे गेले. जुना कारागीर होता तो. बोटांना सगळं आठवत होतं. मग त्यानं पाय खाली सोडले.

आदल्याच दिवशी आवर्तन सुटलं होतं.

पाणी शांत होतं, काळं होतं, मार्गशीर्षाच्या पहाटा पिऊन बसलेलं होतं. त्याचे पाय झटक्यानं वर आले. तिनं नुसतं पाहिलं. ते पुन्हा खाली गेले. त्यानं एक पावडी दाबली, बुळबुळीत होती; दुसरी दाबली. खट्. खटाक्. गारवा नडगीतून गुडघ्यात चढला, गुडघ्यातून कंबरेत. वर अबोली ताणा झरोक्याच्या किरणात झगमगत होता, आणि खाली त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. ती समोर उभी होती, हात बांधून, पाहुण्यासारखी.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "रोज असंच असतं?"

"पाणी सुटलं की."

"बोलली नाहीस कधी."

"बोलले की. तुमी पाव्हण्यांशी बोलत होता."

बाहेर कुणाच्या तरी मागाचा ठेका चालला होता, चालतच राहिला. एका छपराखाली, एका ताटाशेजारी, इतकी वर्षं. आणि पाण्याची खोली त्याला आज कळत होती. अज्ञान म्हणून कुणाला माफ करायचं असेल त्यानं करावं. द्वारकेनं केलं नाही.

तिनं कोनाड्यातली कात्री घेतली. मागाच्या मागच्या बाजूला गेली. जिथे डाळिंबी संपून अबोली सुरू होत होती, त्या असंख्य सूक्ष्म गाठींच्या पलीकडे तिनं हातभर अबोली मोजून सोडली. गाठी तशाच राहू दिल्या. टोकं फणीत असली की ताणा कुठेही पुन्हा जोडता येतो, लोखंडी मागावर सुद्धा; हे तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं, आणि चारही पिढ्यांना ठाऊक असणार. फक्त कुणाला कधी घर सोडायचं नव्हतं, म्हणून त्या सोयीचा त्यांनी धर्म करून ठेवला होता.

रंगनाथानं मान वळवून पाहिलं. हात वर उचलला. मग तो हात, राखेनं माखलेला, त्यानं स्वतःच्या मांडीवर ठेवला.

कात्री चालली. ताठलेलं रेशीम तुटताना मोठा आवाज करत नाही, सुस्कारा टाकतं. एक झुबका, दुसरा झुबका, तिसरा. खुंटीकडचे धागे मागे उसळून भिंतीवर आपटले आणि अबोली ढिगात कोसळले. फणीकडचे मऊ होऊन तिच्या मनगटावर पडले. तिनं फणी सोडवली, टोकांची वेणी घातली, सगळं जुन्या लुगड्यात गुंडाळून काखेत घेतलं.

"उद्या भांडी न्यायला येईन," ती म्हणाली. "तुमी आज यायचं तर आज या. कात्री तिथंच ठेवलीय." आणि ओटा उतरून, सुजल्या पायांनी, उन्हातून, माळाच्या वाटेला लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरावा अशी तिला घाईही नव्हती.

रंगनाथ खड्ड्याच्या काठावर बसून होता. त्याचे पाय पाण्यात होते. ताणा निघून गेला तसा झरोक्यातला किरण, इतकी वर्षं रेशमावर अडलेला, पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांत मावणारा तो किरण, अडायला काही न उरल्यानं सरळ खाली गेला. खड्ड्यात ऊन आलं.

त्यानं पाय वर घेतले. पाणी हललं, निवळलं, थांबलं. आणि तळाच्या मातीत, शेजारी शेजारी, कुणा एकीच्या टाचांनी वर्षानुवर्षं दाबून दाबून कोरलेल्या दोन खळग्या दिसल्या. खोल, गुळगुळीत, काठोकाठ भरलेल्या. ऊन त्या दोन रिकाम्या खळग्यांत उतरलं, आणि तिथेच बसून राहिलं.