शिट्टी वाजेपर्यंत

सफरचंदांच्या त्या पॅकिंग शेडमध्ये पट्टा सुरू झाला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे, म्हणून तिथला सगळा कारभार शिट्टीवर चाले. शिट्टी असायची सुपरवायझर बाईंच्या गळ्यात. एक वाजली की पट्टा बंद, दोन वाजल्या की जेवायची सुट्टी. बाईंना सगळे तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'शिट्टी'. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

यंदाच्या हंगामात मालकांनी आणखी एक शिट्टी वाढवली, लांब आणि न तुटणारी. ती ऐकली की हंगामी माणसांनी हातातलं काम टाकायचं, मागच्या दारानं माल चढवायच्या धक्क्यावर जायचं आणि तिथं उभ्या असलेल्या, फळं नेणाऱ्या थंड गाडीत, रिकाम्या क्रेटांच्या आड बसून राहायचं. कारण ही माणसं कागदावर नव्हतीच. कायद्यानं माणूस दोन महिन्यांसाठी घेतला काय आणि दोन दिवसांसाठी घेतला काय, कामाला हात लावण्याआधी त्याचं नाव नोंदवायला हवं, करार करायला हवा, विमा उतरवायला हवा. मालक म्हणायचे, "चार दिवसांची माणसं, त्यांचे काय जावयासारखे लाड करायचे?"

लपण्याची तालीम ताईंनीच घेतली होती.

"मी पुन्हा दोनदा वाजवेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. कुणी हाक मारली तरी नाही. आणि सापडलातच तर काय सांगायचं?"

"मी इथं कामाला नाही. सहज भेटायला आलोय," सगळे एका सुरात म्हणायचे.

"कुणाला भेटायला?" टाकीवर फळं धुणारे आजोबा दर वेळी भोळेपणानं विचारायचे, आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट व्हायची. ताईही हसायच्या.

त्याच टाकीवर ताईंची धाकटी जाऊ होती. घरात दोघींचं स्वयंपाकघरातल्या एका कपाटावरून वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. पण दिराचं काम सुटलं, सासूबाईंनी ताईंना गळ घातली, ताईंनी मालकांना, आणि जाऊ कामाला लागली. दिवसभर कोपरापर्यंत पाण्यात हात, पोटापर्यंत भिजलेले कपडे. ताई काही सांगायला गेल्या की ती फक्त मान हलवायची, आणि तीही जेमतेम.

त्या दिवशी सकाळी गेटवरून फोन आला, "कामगार खात्याच्या बाई आल्यात." मालकांनी ऑफिसच्या काचेआडून नुसतं बोट वर केलं. ताईंनी लांब शिट्टी फुंकली. बघता बघता निम्मी शेड रिकामी झाली. आजोबा सर्वांत शेवटी, पाय ओढत गेले.

इन्स्पेक्टर बाई किडकिडीत होत्या, घसा बसलेला, गळ्याभोवती रुमाल. त्यांनी गरम पाणी मागितलं आणि ऑफिसात ऐसपैस बसल्या. घाई त्यांच्या गावीच नव्हती. मालकांनी कायम कामगारांचे कागद पुढं केले. बाईंनी ते चाळले, मग काचेतून बाहेर पाहिलं.

"टाकीचा नळ चालू राहिलाय," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"बंद करून येते," म्हणत ताई उठल्या. नळ बंद करता करता सवयीनं त्यांची नजर मागच्या दारातून धक्क्याकडे गेली.

धक्का रिकामा होता.

क्षणभर ताईंना काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. नेहमीच्या ड्रायव्हरनं सुट्टी घेतली होती. मालकांनी कालच एक नवा माणूस रस्त्यावरच्या टपरीवरून उचलून आणला होता, तोही हंगामापुरता. दहाला निघ, लांबच्या शेडवरून माल आण, जाताना मशीन चालू ठेव म्हणजे गाडी गार राहील, एवढं त्याला सांगितलं होतं. गाडीत माणसं लपतात हे सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यानं भल्या माणसासारखं दार लावलं असणार, खिट्टी टाकली असणार. आणि आतून कुणी हूं की चूं केलं नसणार, कारण सुटकेच्या दोन शिट्ट्या वाजल्या नव्हत्या.

त्या दाराला रबर असं घट्ट की मुंगीलाही वाट मिळू नये. आत फ्रिजसारखा गारठा. आणि जाऊ पोटापर्यंत भिजलेली.

त्यांनी मालकांना खुणेनं बाहेर बोलावलं. "गाडी गेली. माणसं आत आहेत."

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज खालीच राहिला. "मी स्कूटरवरून माणूस पाठवतो मागं. तुम्ही आत जाऊन बसा."

"तो कुठल्या रस्त्यानं गेला तेही आपल्याला माहीत नाही. फोन करा त्याला."

"नंबर कुणाकडे आहे त्याचा?"

कुणाकडेच नव्हता. नंबर सोडा, नावही कुणी विचारलं नव्हतं.

"आतल्या बाईंना सांगू या," ताई म्हणाल्या. "त्या पोलिसांना सांगून गाडी अडवतील."

"वेड लागलंय का? शेडला टाळं लागेल." मालक जवळ सरकले. "आणि एक लक्षात ठेवा. शिट्टी मी नाही वाजवली, तुम्ही वाजवलीत. आधी बेड्या तुमच्या हातात पडतील."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच ताईंचे पाय जागच्या जागी खिळले. घर डोळ्यांपुढं आलं. नवरा, सासूबाई, महिन्याचा खर्च, लोकांची तोंडं. मालक स्कूटरवाल्याला शोधायला वळले. टाकीच्या कडेवर जावेच्या बांगड्या होत्या. पाण्यात हात घालायच्या आधी ती त्या रोज काढून ठेवायची.

ताई ऑफिसात शिरल्या आणि बसल्याही नाहीत.

"बाई, आमच्याकडे कागदावर नसलेली माणसं आहेत. मी त्यांना थंड गाडीत लपवलं. गाडी निघून गेलीय."

इन्स्पेक्टर बाईंनी पेला खाली ठेवला. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फोन हातात घेऊन एवढंच विचारलं, "गाडीचा नंबर?"

तो ताईंना पाठ होता.

"माणसं किती?"

"अकरा. बहुतेक."

"बहुतेक?"

रोज दोन यायचे, दोन जायचे, मोजणार कोण?

"नावं सांगा."

ताईंनी तोंड उघडलं आणि जावेचं नाव सांगितलं. पुढं काय सांगणार? टाकीवरचे आजोबा. उंच पोरगी. भांडकुदळ. ते दोघे भाऊ. हंगामभर ज्यांच्या डोक्यावर त्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकाचंही नाव त्यांना येत नव्हतं. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

इन्स्पेक्टर बाईंच्या गाडीत बसून त्या हायवेला लागल्या. बाई पुढं बसून सारख्या फोनवर होत्या, घसा पार बसला तरी बोलत होत्या. मागं ताई गळ्यातली शिट्टी मुठीत आवळून बसल्या होत्या. त्यांना एकच दिसत होतं. काळोख, आणि त्यात शहाण्या मुलांसारखी गप्प बसलेली माणसं. ओरडा गं बायांनो, दार बडवा, शिव्या द्या मला, असं त्या मनात म्हणत होत्या.

फाट्यावर पोलिसांनी गाडी अडवली होती. नवा ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. "रिकामी आहे हो साहेब! मीच दार लावलं. आत कुणी असतं तर बोललं नसतं का?"

पोलिसानं खिट्टी सरकवली. दार उघडलं तसा गार वाफेचा लोट बाहेर आला. आत क्रेटांची भिंत. त्यानं बॅटरी फिरवली. "कोण आहे आत? बाहेर या!"

काहीच हललं नाही.

"कुणी नाहीये," तो म्हणाला.

ताई पुढं झाल्या. ओठ इतके कोरडे पडले होते की पहिल्यांदा नुसती हवाच गेली. दुसऱ्यांदा शिट्टी वाजली. मग आणखी एकदा.

क्रेट हलले.

एकेक माणूस थरथरत बाहेर येऊ लागला. कुणाचे दात वाजत होते, कुणाला पाय टेकवेना. ताई मोजत होत्या. शेवटी जाऊ आली. तिच्या अंगावरचे ओले कपडे गारठून गेले होते आणि हाताच्या मुठी सोलवटल्या होत्या.

"किती वेळ लावलात, ताई," ती म्हणाली. कपाटाच्या भांडणानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य. ताईंनी तिला छातीशी धरलं आणि रडू फुटलं ते आवरेना.

"गाडी हलली तेव्हा आम्ही उठलो होतो," जाऊ तुटक तुटक सांगत होती. "आजोबांनी बसवलं. म्हणाले, ताईंनी सांगितलंय, शिट्टीशिवाय हलायचं नाही. मग गार पडायला लागलं तसं दार बडवलं, पण मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? आणि आत्ता पोलिसांचा आवाज आला, म्हणून परत गप्प बसलो."

"अकरा झाले," पोलीस म्हणाला आणि दाराकडे वळला.

"थांबा!" जाऊ किंचाळली. "आजोबा आत आहेत. त्यांना उठता येत नाहीये."

अकरा. बहुतेक.

दोघा पोलिसांनी आजोबांना उचलून आणून रस्त्याच्या कडेला घोंगडीवर निजवलं. ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. ॲम्ब्युलन्स येत होती. इन्स्पेक्टर बाई पेन काढून त्यांच्याजवळ बसल्या. आवाज तर उरलाच नव्हता, त्या कुजबुजल्या, "आजोबा, नाव काय तुमचं?"

आजोबांनी डोळे किलकिले केले. बाईंच्या हातातला कागद पाहिला, पोलिसांच्या टोप्या पाहिल्या. मग सगळा जीव गोळा करून, शिकवलं होतं अगदी तस्संच म्हणाले, "मी इथं कामाला नाही. सहज भेटायला आलोय."

कुणाला भेटायला, हे त्यांनी आज विचारलं नाही.

ताई रस्त्यावरच गुडघे टेकून बसल्या. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी बाजूला ठेवली आणि आजोबांचा बर्फासारखा हात दोन्ही हातांत धरला.

"लिहा, बाई," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कामाला आहेत. टाकीवर. नाव मी त्यांना विचारून सांगते."