विहिरीचा घुमारा

आसाराम साळव्यांचा बेंजो तीस वर्षांत बेलापूरच्या एकाही जयंतीला चुकला नव्हता. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते वाद्य मांडीवर घेतलं की त्यांचा डावा हात असा पळायचा, की बघणाऱ्याला बोटं मोजता येऊ नयेत. यंदा त्यांच्या मुलानं, हर्षलनं, त्यांच्यासाठी कुणाकडून तरी वापरलेला गिटारचा प्रोसेसर आणला. पायाशी ठेवायचं वहीएवढं काळं मशीन. बेंजोची वायर त्यात घातली की आवाजाला हवा तसा रंग देता येतो म्हणे. हर्षल श्रीरामपूरला शोरूममध्ये नोकरीला, सकाळी आठलाच घराबाहेर पडायचा. म्हणून मशीन समजून घ्यायचं काम त्याच्या बायकोवर, रुपालीवर, येऊन पडलं.

लग्नाला सहा महिने झाले होते. सासूबाईंशी, केशरबाईंशी, तिचं चांगलं सूत जुळलं होतं. सासऱ्यांशी बोलणं मात्र 'चहा ठेवलाय' आणि 'नळाला पाणी आलंय' याच्या पुढं सरकलं नव्हतं. ते मुळात कमी बोलणारे, आणि ही कोपरगावची, बीएस्सी झालेली, दुपारी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवणारी. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

पडद्यावरचं सगळं इंग्रजीत. रुपालीनं वाचायचं आणि आसारामांनी वाजवून बघायचं, असं ठरलं. रिव्हर्ब म्हणजे घुमारा, आवाज भिंतींवर आपटून मागं रेंगाळतो तो, असं तिनं समजावलं. त्यातही रूम, हॉल, प्लेट असे प्रकार निघाले. रूम लावल्यावर आसाराम म्हणाले, खोलीत तर आपण बसलोच आहोत, मग मशीन कशाला? हॉल लावला तर सुरांचा असा गिचका झाला, की केशरबाईंनी आतून विचारलं, डब्यात गांधीलमाशा कोंडल्यात का? रुपालीनं घुमारा किती वेळ टिकावा ते बटण कमी केलं, मूळ आवाजात तो किती मिसळावा तेही कमी केलं. दोन दिवस हाच उद्योग. आवाज एक तर चिकट व्हायचा, नाहीतर कोरडा ठणठणीत.

तिसऱ्या दिवशी बेंजोवर कापड टाकता टाकता आसाराम थांबले.

"आबासाहेबांच्या इहिरीवर शिकलो मी," ते म्हणाले. "घरी वाजवू द्यायचे न्हाईत. मग काठावर बसायचो. मी वाजवलं की मागनं इहीर वाजवायची. तसा सूर पुन्हा कुटं गावला न्हाई."

एवढं लांब बोलणं रुपालीनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"मग विहिरीलाच विचारून येऊ ना, मामा," ती म्हणाली.

एप्रिलचं ऊन, पाणी पार तळाला गेलेलं. आसाराम काठावर बसले. आवाज नीट टिपावा म्हणून रुपाली कठड्यावर पालथी पडली आणि मोबाईल धरलेला हात तिनं आत सोडला. एकच सूर वाजवा, मग थांबा, असं तिनं सांगितलं.

आबासाहेब तिकडं कांद्याच्या वावरात होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की साळव्यांची नवी सून विहिरीत वाकलीय. हातातलं खुरपं टाकून ते धावत सुटले, एक चप्पल सरीतच राहिली. येऊन आधी त्यांनी आसारामांनाच धारेवर धरलं, पोरीला काय तरास दिला म्हणून. आसाराम नुसते बेंजो दाखवत राहिले. रुपाली उठून बसली, तिनं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला असं हसू आलं की आवरेना. सासऱ्यांसमोर ती पहिल्यांदाच अशी हसली. मग आबासाहेब हसले, शेवटी आसारामही. दम खाऊन झाल्यावर आबासाहेबांनीच घुमारा टिपायला काठावरून टाळ्या वाजवून दिल्या आणि पाणी सात परस, म्हणजे सात माणसांच्या उंचीइतकं खाली आहे, स्वतः दोर सोडून मोजलंय, असं छातीठोकपणे सांगितलं.

रुपालीनं टिपलेला सूर पुन्हा पुन्हा ऐकला. आधी बेंजो, एकदम स्वच्छ. मग निमिषभर काहीच नाही. मग विहीर.

"मामा, हे मधलं मोकळं ऐकलंत? तुमचा सूर पुरता येऊन जातो, मग विहीर बोलते. आपलं मशीन तुमचा सूर चालू असतानाच मधे बोलतंय."

तिनं तिथंच हिशेब मांडला. सात परस म्हणजे बारा मीटर, जाऊन-येऊन चोवीस. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. उत्तर आलं, सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सत्तर. घरी आल्यावर तिला आठवलं, प्री-डिले, म्हणजे घुमारा किती उशिरानं सुरू व्हावा ते ठरवणारं एक बटण तिनं बिनकामाचं समजून शून्यावर सोडलं होतं. ते तिनं सत्तरवर नेलं. घुमारा किती टिकावा ते मोबाईलमधलं ऐकून लावलं. किती मिसळावा, ते मात्र आसारामांच्या कानानं ठरवलं.

"खाली घे. अजून. अजून उलीसं. हां, हात काढ आता."

त्यांनी एक जलद तान घेतली. प्रत्येक सूर सुटा पडला, आणि त्याच्या मागून विहीर आली. केशरबाई पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. आसारामांनी तीच तान आणखी चारदा वाजवली आणि चष्मा काढून पुसला.

जयंतीचा कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होता. गायक सोपान जाधव. आसारामांची आणि त्यांची जोडी जुनी. मशीनपाशी मीच बसतो, असं सोपान म्हणाले, पण आसारामांनी ऐकलं नाही. रुपालीला त्यांनी स्टेजवर शेजारी बसवलं. पहिल्या गाण्यात सोपानचा आवाज थांबला, बेंजोनं सूर उचलला, आणि मैदानातली कुजबूज बंद पडली. नंतर शिट्ट्या अशा सुटल्या, की सोपाननी ते कडवं पुन्हा घेतलं. पुढचं गाणं जलद होतं. आसारामांनी रुपालीकडं नुसतं पाहिलं, तिनं घुमारा किंचित खाली आणला, आणि त्यांनी मान हलवली. समोर बायकांनी फेर धरला होता, त्यात केशरबाई सगळ्यात पुढं होत्या.

दुसऱ्या दिवशी सोपान घरी आले. राजूरला असाच एक कार्यक्रम आहे, शनिवारी की रविवारी ते ठरवायचंय, आसारामांना घेऊन जातो, म्हणाले.

"दोघं येऊ," आसाराम म्हणाले. "पर तिला इचारा आदी. तिची शिकवनी असती."

रुपालीनं आतूनच सांगितलं, शनिवारी मुलांची चाचणी आहे, रविवार चालेल.

रविवारी सकाळी सातला टेम्पो दाराशी लागला. रुपाली मशीन मांडीवर घेऊन पुढं बसली, आसाराम खिडकीशी. राजूरला डोंगर आहेत, आवाज किती लांबून परत येत असेल, असं तिनं विचारलं, आणि ते म्हणाले, जाऊन बघू की.