ढोलाविना कूच

माझे वडील एकोणिसाव्या वर्षी गावातून निघाले आणि नेपोलियनच्या मागे चालतच राहिले. आल्प्स ओलांडून इटली, मग व्हिएन्ना, मग मॉस्को. तोफखान्यातला एक सडपातळ अधिकारी सम्राट होताना त्यांनी रांगेत उभं राहून पाहिला, आणि वॉटर्लूच्या चिखलात त्याचं सगळं बुडतानाही. त्याच्या हट्टापायी किती घरं ओस पडली, ते मी पुस्तकांत वाचलं होतं. वडिलांशी वादही घातला होता.

"खरं आहे, पोरी," ते म्हणायचे. "पण मॉस्कोहूनसुद्धा आम्ही रांग मोडून आलो नाही."

ते वारले तेव्हा फ्रान्सवर पुन्हा राजाचं राज्य होतं, आणि नेपोलियनच्या सैन्याच्या सगळ्या खुणांवर बंदी होती. त्यांची इच्छा एकच होती: मला शिपायासारखं पोचवा. मेयरनं बजावलं, "गणवेश नाही, तिरंगी फीत नाही, ढोल नाही. नाहीतर तुरुंग."

सकाळी त्यांचे पाच सोबती साध्या निळ्या सदऱ्यांत आले. शवपेटी उचलायच्या आधीच जुंपली. पुढची उजवी बाजू मानाची.

"सरक," तेवनँ गुरगुरला. "वाग्रामच्या लढाईत तू मागे होतास, आजही मागेच राहा."

"मागे होतो म्हणून तर तुला उचलून आणला, गाढवा!" पेरोदँ म्हणाला, पण सरकला.

"ढोलाशिवाय पावलं कशी जुळायची?" मी विचारलं.

पाचवा होता बूर्ग्वँ. डावा पाय लाकडाचा, त्यामुळे खांदा देता येत नव्हता. "मी पुढे चालतो," तो म्हणाला.

फरसबंद रस्त्यावर लाकूड वाजलं. ठक्. मग उजवं पाऊल, आवाज न करता. पुन्हा ठक्. त्या ठेक्यावर चौघांचे डावे पाय एकदम पडू लागले. घराघरांची दारं उघडली. बायका हातातलं काम टाकून उंबऱ्यावर आल्या.

मेयर धावत आला. "ढोल बंद म्हणालो होतो ना!"

"हा पाय आहे, साहेब," बूर्ग्वँ न थांबता म्हणाला. "खरा रशियात पडलाय. सापडला तर तोही जप्त करा."

मेयर माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. यांना आवरा."

माझ्या एका शब्दावर ते थांबले असते.

"चालायला बंदी नव्हती, साहेब," मी म्हणाले.

त्यानं हॅट काढली. मान द्यायला की घाम पुसायला, ते मी पाहिलं नाही. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत कुणाचं पाऊल चुकलं नाही. माझंही नाही.