दहाव्या प्रभागातली चौकशी

गुरुदत्तराव अमेरिकेत, पार्सिपनीत अडतीस वर्षं राहिले, पूल बांधले, रिटायर झाले, पण चौकशी केल्याशिवाय मुलगी द्यायची नसते हे काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मुलीने, अनिकाने, ॲडम नावाचा पोलिश वंशाचा मुलगा पसंत केला. मुलगा गुणी होता. गुरुदत्तरावांना तो आवडलाही होता, आणि त्यामुळेच त्यांना जास्त संशय येत होता.

अनिकाने बजावलं होतं, "बाबा, नो चौकशी. केलीत ना, तर लग्नाला येऊ नका. आय मीन इट." गुरुदत्तरावांनी तसा शब्दही दिला होता. आणि अनिका बोलली की करते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी मुलगी त्यांचीच.

पण ॲडमची आजी हालिना मूळची क्राकोव्हची, हे कळल्यावर त्यांचे हात शिवशिवू लागले. क्राकोव्ह म्हणजे पोलंडमधलं जुनं, राजेरजवाड्यांचं शहर. त्याच्या पार दक्षिणेच्या टोकाला आजींचा स्वोशोवित्से नावाचा दहावा प्रभाग आहे, तिथे गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत, एवढं त्यांनी तासाभरात शोधलं. "म्हणजे त्यांचं वज्रेश्वरीच की," ते बायकोला, सुनेत्राबाईंना म्हणाले. सुनेत्राबाईंनी लॅपटॉप मिटला. गुरुदत्तरावांनी तो पुन्हा उघडला आणि थेट प्रभाग समितीलाच मेल धाडला: हालिनाबाईंचं घराणं कसं आहे, माणसं भांडखोर आहेत का, कुणाला काही व्यसन, कृपया कळवावे.

तिकडच्या कुणा भल्या बाईने तो मेल छापून समितीच्या फलकावर लावला.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, हालिना आजी ॲडमला घेऊन पोह्यांना आल्या. हातात कागदांचा गठ्ठा. भाचीने तिकडून पाठवलाय म्हणाल्या. गुरुदत्तरावांच्या घशात शेंगदाणा अडकला.

"अकरा जणांनी उत्तरं लिहिली आहेत," आजींनी चष्मा लावला. "हालिनाने आमच्या झाडावरचे प्लम चोरले. हालिना चर्चमध्ये बेसूर गायची. हालिना तिकीट न काढता गंधकाच्या पाण्यात डुंबायची."

अनिका बापाकडे बघत होती. "यू प्रॉमिस्ड," ती हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं गुरुदत्तरावांना वाटलं. लेकीच्या लग्नात आपण पार्किंग लॉटमध्ये उभे आहोत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना खरोखरच रडू फुटायला आलं.

आजींनी कागद खाली ठेवले. "मला तिथून निघून पन्नास वर्षं झाली. मला वाटलं होतं, तिथे आता मला कुणी ओळखत नाही. आणि अकरा लोकांना माझे प्लम आठवतात." त्यांनी डोळे पुसले, पोह्यांवर आणखी लिंबू पिळलं आणि अनिकाला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांची पद्धत मला फार आवडली. आता माझी पाळी. यांच्या गावी कुणाला लिहायचं?"

"माझी कसली चौकशी?" गुरुदत्तराव म्हणाले. "मी तर इथेच असतो."

"ग्रामपंचायतीला," सुनेत्राबाईंनी तत्परतेने सांगितलं. "सरपंच यांचे चुलतभाऊच आहेत, राजाराम भावजी. मेल आयडी आहे माझ्याकडे."

अनिकाने फोन काढून तिथल्या तिथे मेल टाइप केला. "फेअर आहे, बाबा. रिपोर्ट चांगला आला, तर लग्नाला या."

गुरुदत्तरावांचा चेहरा पडला. नऊ वर्षांपूर्वी राजारामच्या मुलाला एक उत्तम स्थळ आलं होतं. मुलीकडच्यांनी चौकशीसाठी पार्सिपनीला फोन केला, आणि गुरुदत्तरावांनी सचोटीने सांगितलं होतं की मुलगा सोन्यासारखा आहे, फक्त अकराच्या आत उठत नाही आणि नोकरी टिकवत नाही. स्थळ मोडलं. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं बंद होतं.

हात धुण्याच्या निमित्ताने ते उठले, गराजमध्ये गेले आणि फोन लावला.

"राजाराम, कसा आहेस रे?"

"मजेत," पलीकडून आवाज आला. "मेल आत्ताच वाचला. मी पण सचोटीचा माणूस आहे, गुरू. बोल, खरं लिहू का बरं लिहू?"

गुरुदत्तरावांनी लग्नाची तारीख सांगितली आणि ते म्हणाले, "सगळ्यांनी यायचं. पोराला पण आण. तिकिटं मी काढतो. सकाळचं विमान नको, दुपारचंच बघतो."