लाखोळीचा तोबरा

मी टांग्याची एक म्हातारी घोडी आहे, मित्रांनो. माझं नाव मैना. सोलापुरात शुक्रवार पेठेत कासीम टांगेवाल्याचं घर आहे, त्याच्या मागच्या पत्र्याच्या तबेल्यात माझा सगळा जन्म गेला. आता दात झिजले आणि डाव्या डोळ्याला कमी दिसतं. तरी मत्सर म्हणजे काय, ते मला अजून चांगलं आठवतं. तुम्हांला सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

कासीमनं मला माढ्याच्या बाजारात पारखून घेतलं, तेव्हा मी नुकती शिंगराची घोडी झाले होते. त्यानं माझ्या गळ्यात पितळी घुंगरांचा पट्टा बांधला आणि स्टेशनच्या अड्ड्यावर उभी केली. गिरणीतले कारकून, माहेराला निघालेल्या लेकी, दवाखान्यात न्यायचे आजारी, सगळ्यांना मी वाहिलं. अड्ड्यावर दहा टांगे असले तरी लोक विचारत, "मैना कुठं आहे?" हे ऐकलं की माझी मान आपोआप ताठ व्हायची.

घरी माझं खाणंपिणं चांदबीकडे होतं. चांदबी कासीमची बायको, माढ्याकडच्या एका शेतकऱ्याची लेक. थंडीच्या दिवसांत नागव्वा गवतवाली गव्हा-हरभऱ्यातलं निंदलेलं तण डोक्यावर घेऊन दारात यायची. चांदबी भारा सोडायची आणि काडी न् काडी बघायची. त्या तणात एक नाजूक वेल असे. देठाच्या दोन्ही बाजूंना बारक्या पानांच्या जोड्या, टोकाला धाग्यासारखा तणावा आणि जांभळं-गुलाबी इवलं फूल. तो रानमसुरा. कोवळा असला की चांदबी तो माझ्यापुढे टाकायची. शेंगा भरून वाळलेल्या दिसल्या, की बाजूला काढायची.

"कवळा पाला जनावराला ग्वाड," ती नागव्वाला म्हणायची, "पन ह्याचं काळं बी न्हाय घालायचं. मसुरीत मिसळलं तर मी तितनंबी येचून टाकते."

असं कित्येक वर्षं सुखाचं चाललं होतं. मग शहेनशा आला.

कासीमनं तो अकलूजकडून आणला. तांबूस अंग, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. अंगणात पाऊल टाकलं आणि शेजारच्या बायका दारात आल्या. कासीमनं त्याच्या पाठीवर हात फिरवला, तो हात मी ओळखत होते. रोज माझ्या पाठीवरून फिरणारा तोच हात. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा सोडला आणि शहेनशाच्या गळ्यात बांधला. मला मागं ठेवलं, बाजारची ओझी वाहायला.

मित्रांनो, कडबा चघळत मी त्या घुंगरांचा आवाज ऐकायची. टांगा गल्लीतून निघून जायचा, आवाज बारीक बारीक होत जायचा, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो ठेचाळला तर मला बरं वाटायचं. संध्याकाळी परत आला की मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची.

त्याच हिवाळ्यात चांदबीची आई अंथरुणाला खिळली आणि चांदबी माहेरी गेली. तबेला कासीमच्या हाती आला. त्याला कुणीतरी सांगितलं, लाखोळीचं कडधान्य चारलं की घोड्याच्या अंगावर मांस चढतं, कातडी चकाकते. झालं. कासीमनं पोतं आणलं. रोज सकाळ-संध्याकाळ भिजवलेल्या लाखोळीचा तोबरा शहेनशाच्या तोंडाला. तो मचमच खायचा आणि तो वास माझ्यापर्यंत यायचा. माझ्यापुढे नागव्वाचा रानमसुरा आणि कडबा. शहेनशा तर त्या पाल्याला तोंडसुद्धा लावत नसे.

एकदा मला राहवलं नाही. मी मान लांब करून तोबऱ्याकडे नेली. कासीमनं कोपरानं माझं तोंड मागं सारलं.

"तुझं काय काम तितं?" तो म्हणाला. "तू म्हातारी झालीस. खाऊन काय करनार हाईस?"

तो चिडून बोलला नाही, सहज बोलला. म्हणूनच ते जास्त लागलं.

हिवाळा सरत आला. शहेनशा खरंच चकाकत होता. पण तबेल्यात उभा असताना तो मागचे पाय विचित्र पसरायचा. टांगा ओढून आला की त्याच्या घशातून शिटीसारखा आवाज निघायचा. कासीमला वाटलं, सर्दी असेल. मग एक दिवस स्टेशनच्या चढावर शहेनशाचे मागचे पाय गळाले आणि तो टांग्यासकट बसला. आतली बाई आपटली, तिचं कपाळ फुटलं. चार माणसांनी हात लावून त्याला उठवलं.

घरी आल्यावर कासीमला कारण हवं होतं. तेवढ्यात नागव्वा भारा घेऊन आली.

"तुझ्या ह्या रानटी वेलानं माझा घोडा बसला," कासीम म्हणाला. "पुन्यांदा माझ्या दारात येऊ नगंस. अड्ड्यावरबी तुझं गवत कुनी घेनार न्हाय, मी बघतो."

नागव्वा अक्कलकोटकडची. तिचं घर त्या भाऱ्यावर चालायचं. तिनं वाद घातला नाही. "मी इतकी वर्सं गवत घालते, भाऊ," एवढंच म्हणाली आणि भारा पुन्हा डोक्यावर घेऊन गेली. कासीमनं अड्ड्यावर सगळ्यांना सांगितलं. त्या आठवड्यात तिचं गवत कुणी घेतलं नाही.

आणि मग चांदबी परतली. तिनं शहेनशाचे पाय बघितले, तोबऱ्यात हात घातला आणि मूठभर दाणे उन्हात धरले. मातकट रंगाचे, चपटे, सुताराच्या तासणीसारखे एका बाजूनं उतरते.

"ही लाखोळी हाय," ती म्हणाली. "किती दिवस चारताय?"

"तू गेलीस तवापासनं. पन घोडा नागव्वाच्या पाल्यानं बसला."

चांदबी माझ्याजवळ आली. तिनं माझ्या मागच्या पायांवरून खुरापर्यंत हात फिरवला.

"पाला हिनं खाल्ला की त्यानं?"

कासीमनं माझ्याकडे बोट केलं.

"हिनंच खाल्ला न्हवं? मग ही धड उभी हाय आनि तो का बसला? माजा चुलता दुष्काळात लाखोळीच्या भाकरी खाऊन जगला, आनि जन्मभर पाय ओढत, काठीवर चालला. निळ्या फुलाची, लांब गवतागत पानाची, शेंगंच्या पाठीला दोन कडा असत्यात, त्या पिकाकडं आमच्या रानात घोडं फिरकू देत न्हवते. थोडी, भिजवून पानी फेकून, कधीमधी बैलाला घालत्यात. तुमी तर घोड्याला दोन टाइम पोट भरून घातलीसा."

"मी त्येच्या भल्यासाठी घातली," कासीम हळूच म्हणाला.

"व्हय. पन आधी वळखायचं असतं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी कासीम नागव्वाच्या घरी गेला, तिथून तिला अड्ड्यावर घेऊन आला आणि सगळ्या टांगेवाल्यांसमोर म्हणाला, "चूक माझी हाय. हिच्या गवतात काय न्हाय." नागव्वानं पदर सावरला आणि म्हणाली, "भारा घरी पडलाय, वाळला. उद्या ताजा आनते."

घुंगरांचा पट्टा पुन्हा माझ्या गळ्यात आला. तुम्हांला वाटेल, मैना सुखी झाली. तसं झालं नाही, मित्रांनो. कासीमनं शहेनशाला विकलं नाही. चांदबी रोज संध्याकाळी गरम तेलानं त्याचे पाय चोळायची, त्याच्याशी बोलायची, आणि मी दिवसभर टांगा ओढून आलेली घोडी तिकडे बघत उभी राहायची. जळफळाट तसाच. ज्याला धड चालता येत नाही, त्याचाही मला हेवा वाटत होता.

लाखोळी बंद झाल्यापासून शहेनशा पाला खायला शिकला. एकदा त्याच्या पुढचा भारा घसरून लांब पडला. त्यानं पाऊल टाकायला बघितलं, पाय थरथरले आणि तो तिथंच थांबला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. मग तोंडानं तो भारा त्याच्याकडे ढकलला. का, ते मला सांगता येणार नाही. त्यानं खायला सुरुवात केली, आणि त्याच्या घशातली शिटी ऐकत मी पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले.

मित्रांनो, आम्हांला बोलता येत नाही. तुम्ही पुढे ठेवाल ते आम्ही विश्वासानं खातो. म्हणून आमच्यावर माया करण्याआधी मुठीतला दाणा एकदा उन्हात धरून बघत जा.