ट्रोल्सने बांधलेले पट्टे

"अजून ओढ," मी म्हणालो, आणि ट्रोल्सने पट्टा खरंच ओढला.

गाडीत बसलेल्या एस्बेनच्या छातीतली सगळी हवा एका आवाजात बाहेर पडली. पुढच्या क्षणी त्याचं कोपर ट्रोल्सच्या नाकावर बसलं. ट्रोल्स मागे कोसळला, एस्बेन पट्टे सोडवून त्याच्या अंगावर धावला आणि दोघं गॅरेजच्या काँक्रीटवर एकमेकांना बुकलू लागले. ट्रोल्सच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, त्यामुळे त्या हाताची मूठ होत नाही. तो मनगटानेच मारत होता. मी टायर धुवायची नळी उचलून दोघांवर सोडली. मार्चमध्ये आमच्या सिल्केबोर्ग गावात नळाला जे पाणी येतं ते बर्फाचंच भावंड असतं. दोघं सुटे झाले.

"किती सेकंद लागले, म्हाताऱ्या?" ट्रोल्सने बाहीला नाक पुसत विचारलं.

"मारामारी धरून की सोडून?"

तो हसला नाही. एस्बेन तर माझ्याकडे बघतही नव्हता.

आमची मालकीण बिर्गित कॉफीचा मग घेऊन दारात उभी होती. तिचे चाळीस ट्रक हमरस्त्यावर धावतात, त्यामुळे भांडणारे पुरुष तिला नवीन नाहीत. "माझ्याकडे गाडी एकच आहे आणि तिच्यात तुम्ही दोघं आहात," ती म्हणाली. "ज्याला नको असेल त्याने आत्ता निघावं. दार उघडंच आहे."

कोणी निघालं नाही. एस्बेन जाणार कुठे? आधीचा अख्खा हिवाळा त्याने बापाच्या कत्तलखान्यात फरशीवरचं रक्त धुण्यात घालवला होता. ही गाडी गेली की परत तीच फरशी.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत गाडी एक आणि चालवणारे दोन. पहिला चालक तास-दीड तास चालवतो, उतरतो आणि दुसऱ्याला पट्ट्यांनी बांधतो. बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मानेला कवच; त्याला स्वतःची छातीसुद्धा दिसत नाही. शेवटचा ताण उतरणाऱ्याने द्यायचा. भिंतीवर आदळल्यावर माणूस जागच्या जागी राहतो की आतल्या आत फुटतो, हे त्या ओढण्यावर ठरतं. एस्बेनचा जीव ट्रोल्सच्या हातात द्यायचा होता, आणि ट्रोल्सचा तो हात एस्बेनमुळेच तसा झाला होता.

मी एगॉन, मेकॅनिक. एस्बेनला आठ वर्षांचा असल्यापासून ओळखतो. त्याचा बाप हेल्गे शनिवारी त्याला छोट्या गो-कार्टवर आणायचा आणि कुंपणाशी उभा राहून ओरडायचा. एकदा पुढच्या पोराची कार्ट उलटली. एस्बेनने ब्रेक मारला, वळसा घातला आणि दुसऱ्या नंबरवर आला. परत जाताना व्हॅनमध्ये हेल्गेने त्याच्या तोंडात अशी ठेवून दिली, की रक्त मांडीवरच्या काळ्या ब्रेडवर पडलं.

"थांबलास का? तो थांबला असता तुझ्यासाठी?"

मी पुढच्या सीटवर होतो. माझ्या हातातही ब्रेड होता. मूग गिळून बसलो आणि ब्रेडही गिळला. त्यानंतर एस्बेन कुणासाठी थांबला नाही.

सोळाव्या वर्षी तो एकच सीट असलेल्या, उघड्या चाकांच्या गाड्यांत गेला. त्यांची सीट माणसाच्या पाठीचा साचा काढून बनवतात. "हिच्यात दुसरा कुणी मावत नाही, एगॉन," तो सगळ्यांना दाखवत सुटायचा. त्याच संघात आरहुसच्या एका शाळामास्तरांचा मुलगा होता, ट्रोल्स. शांत पोरगा, हरला तरी येऊन हात मिळवायचा, आणि एस्बेनपेक्षा थोडासा वेगवान. बाप एस्बेनला हेच दर रविवारी ऐकवायचा.

हंगामाची शेवटची शर्यत जर्मनीत होती. शेवटच्या फेरीत, सरळ रस्त्यावर, ट्रोल्स उजवीकडून अर्धी गाडी पुढे सरकला. मग त्याचं चाक एस्बेनच्या चाकावर चढलं, गाडी उडाली, उलटी होऊन कुंपणाला लागली आणि लोखंडाला घासत शंभर मीटर गेली. ट्रोल्सचा पाय तीन जागी मोडला. डावा हात स्टिअरिंगमध्ये अडकून पिळवटला गेला होता. मी धावत पोचलो तेव्हा ट्रोल्स ओरडत नव्हता, फक्त हाताकडे बघत होता. पंचांनी अपघात म्हणून निकाल दिला. कप एस्बेनला मिळाला.

अशा गाड्यांत प्रत्येक हालचाल नोंदली जाते. संध्याकाळी मी संगणकावर ती फेरी उघडली. सरळ रस्त्यावर, जिथे वळायचं काही कारणच नाही, तिथे स्टिअरिंग उजवीकडे वळलं होतं आणि ॲक्सिलरेटर तळाला होता.

हेल्गे मागे उभा होता. "पूस," तो म्हणाला.

"हेल्गे, त्या पोराचा हात..."

त्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. डुकरं उचलायची सवय असलेला माणूस तो. "पूस म्हणतोय ना!"

मी पुसलं. भीतीने पुसलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण खरं सांगायचं तर ती गाडी मी बांधली होती आणि तो कप मलाही हवा होता.

कपाचा उपयोग काही झाला नाही. वरच्या वर्गाच्या शर्यतींत एस्बेन दोन वर्षं लोकांना धडका देत फिरला आणि मग त्याला कुणी दारात उभं करेना. ट्रोल्स चौदा महिन्यांनी काठीशिवाय चालला. बिर्गितने दोघांना उचललं, कारण दोघं वेगवान होते आणि दोघांना दुसरीकडे कुणी विचारत नव्हतं.

मे महिन्यात बेल्जियमच्या डोंगरात सहा तासांची शर्यत होती. सकाळी मी चाकं तपासत होतो, तेव्हा ट्रोल्स शेजारी येऊन उकिडवा बसला.

"म्हाताऱ्या, जर्मनीत त्याच्या गाडीची नोंद काय होती?"

"ती पुसली गेली."

"पुसली गेली, की पुसलीस?"

मी हातातला पाना खाली ठेवला. एकसष्ट वर्षांचा झालोय, किती गिळायचं माणसाने? "पुसली. त्याने स्टिअरिंग वळवलं होतं, ट्रोल्स. मुद्दाम."

तो उठला आणि हेल्मेट आणायला गेला. मी शर्यतीच्या सकाळीच ही काडी लावली, हे माझ्या ध्यानात तेव्हा आलं. आता सांगायचं तरी कुणाला, आणि काय?

ट्रोल्सने गाडी तिसऱ्या क्रमांकावर आणून दिली. ती थांबली, तसं मी दार उघडून धरलं. नियमाप्रमाणे मला दार सोडून कशाला हात लावता येत नव्हता. ट्रोल्स बाहेर, एस्बेन आत. ट्रोल्स कमरेपर्यंत गाडीत शिरला. एक एक पट्टा बकलात बसल्याचा आवाज येत होता आणि मी ते मोजत होतो. सहा. आता खांद्याचे दोन ओढायचे. उजवा त्याने ओढला. मग तो थांबला.

पलीकडून बिर्गित "वेळ! वेळ!" ओरडत होती. एस्बेनचे डोळे हेल्मेटमधून ट्रोल्सवर खिळले होते. त्याला काही ठाऊक नव्हतं, पण त्या नजरेत भीती होती. ट्रोल्सची पाठ माझ्याकडे. हात काय करतोय ते दिसेना. मग त्याच्या खांद्याला एक जोराचा हिसका बसला आणि तो बाहेर आला. मी दार आपटलं. गाडी गेली.

"ओढलास ना?" मी त्याची बाही धरली. "डावा ओढलास ना?"

"हात सोड," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

चौदा मिनिटांनी उताराच्या वळणावर पुढच्या गाडीचा टायर फुटला आणि ती आडवी झाली. पडद्यावर आमची पांढरी गाडी दिसली. ब्रेकचे दिवे लागले, मी शपथेवर सांगतो. एस्बेनने ब्रेक मारला, गाडी डावीकडे काढली आणि त्या माणसाला वाचवून स्वतः भिंतीवर गेला. नाक चेपलं, गाडी गरगरत मागच्या बाजूनेही आदळली आणि दार उडून रस्त्यावर पडलं. मग धूर.

उपचारांच्या खोलीत मी पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई त्याचा पोशाख कात्रीने कापत होत्या. दोन्ही खांद्यांवरून छातीपर्यंत पट्ट्यांच्या रुंदीचे दोन काळेनिळे वळ उठले होते. डावा उजव्याइतकाच खोल. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, बाकी शाबूत. "पट्टा बोटभर सैल असता तर मला याचं काही करण्यासारखं उरलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हेल्गे आत घुसला. "ब्रेक? कुणासाठी मारलास ब्रेक? गाडी घालवलीस, आता चल रक्त धुवायला!" आणि त्याने हात उगारला.

एस्बेनला स्वतःचा हात वर करता येत नव्हता. "बाबा, बाहेर जा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. मी हेल्गेच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्याला दाराबाहेर ढकललं. त्याने माझ्या जबड्यावर एक दिली. खरं तर ती मला बारा वर्षांपूर्वीच, त्या व्हॅनमध्ये खायला हवी होती.

ट्रोल्स दाराशी उभा होता. कधीपासून ते ठाऊक नाही.

"जर्मनीत," एस्बेन म्हणाला. त्याला श्वास पुरत नव्हता. "मी स्टिअरिंग वळवलं होतं. मुद्दाम. मी लिहून देईन. कपही परत करीन."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून. एगॉनने सांगितलं."

एस्बेनने स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं, मग ट्रोल्सकडे. तो रडायला लागला. मोडलेल्या हाडासकट हुंदके देत होता, बघवत नव्हतं.

ट्रोल्स आत आला आणि पाण्याचा ग्लास त्याच्या उजव्या हाताशी सरकवून ठेवला. ग्लास ठेवताना त्याची डावी बाही वर गेली. मनगटाभोवती लाल वळ होता, कातडी सोलून रक्त आलेलं. एका हाताच्या ओढीने ताण पुरेना आणि मिटत नाहीत त्या बोटांनी पट्टा धरता येत नव्हता, म्हणून त्याने तो मनगटाला गुंडाळून ओढला होता.

"जळजळतंय का?" मी विचारलं.

"थोडं."

मी टेबलावरची मलमाची ट्यूब उचलली. माझे हात अजून ग्रीसने काळे होते. नको म्हणेल असं वाटलं, पण त्याने मनगट पुढे धरलं आणि मलम लावून होईपर्यंत मागे घेतलं नाही.