मैदानातली गुरांची डोणी

"उन्हात ओरडणाऱ्याची काळजी नको, गप्प झालेल्याकडे बघ," एउलालियामावशी म्हणाली होती. टेक्सासच्या दक्षिण टोकाला तिनं चाळीस वर्षं कांदे उपटले. मी नुकतीच पदवी घेऊन आले होते. ऐकलं न ऐकलंसं केलं.

गेल्या ऑगस्टमध्ये माझा भाऊ फिदेन्सियो अमेरिकन फुटबॉलच्या सरावात हेल्मेट मांडीवर घेऊन गप्प बसला. मला वाटलं, कोचवर रुसलाय. मी कुंपणापाशी बाळाला पाजत होते. दहा मिनिटांत तो आडवा झाला. चार दिवस दवाखाना. डॉक्टर म्हणाले, तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात बुडवला असता तर एवढ्यावर आलं नसतं.

म्हणून या ऑगस्टला मी काकांची गुरांना पाणी पाजायची पत्र्याची डोणी आणली, बर्फाच्या पाण्यानं भरली आणि मैदानाच्या कडेला ठेवली.

"गाय कुठाय?" कोच सेपेदांनी विचारलं. "न्या ती, बाई. आपली पोरं कांद्याच्या शेतात वाढलेली. ऊन त्यांच्या रक्तात आहे."

"रक्तात गेलेल्या उन्हानंच माझा भाऊ मरत होता, कोच."

"ताई, लाज आणलीस," फिदेन्सियो पुटपुटला.

"आणली. जा, खेळ."

पोरांच्या आयांनाही डोणी नकोच होती. तापल्या अंगाला गार पाणी लागलं की तोंड वाकडं होतं, हे आमच्याकडे दुधासोबत पाजतात. मलाही पाजलं होतंच.

मंगळवारी मी संघातल्या उबाल्दोवर नजर ठेवून होते. अंगानं दरवाजाएवढा, आणि तोंड सतत चालू. समोरच्याच्या आजीपासून बुटांपर्यंत सगळ्यावर टोमणे. चारच्या सुमाराला ते तोंड बंद पडलं.

"उबाल्दो, आज वार कोणता?"

"मी ठीक आहे, ताई."

"वार विचारला मी."

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.

"सावलीत बसवा," कोच म्हणाले.

"डोणीत. फिदे, पाय धर. कोच, तुम्ही रुग्णवाहिका बोलवा."

त्याची आई, चायोकाकू, धावत आली. "हात लावू नकोस त्याला. तोंड वाकडं झालं तर कोण निस्तरणार?"

"मी. सरका, काकू."

बाळ त्यांच्याच हातात दिलं आणि मी, फिदे नि संघातल्या दोघांनी मिळून उबाल्दोला गळ्यापर्यंत बुडवला. मी मान धरून बसले. काकू बाळाला छातीशी धरून देवाचं नाव घेत होत्या. माझे हात बधिर झाले, सोडले नाहीत. रुग्णवाहिकेचा भोंगा लांबून ऐकू आला तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"ताई," तो म्हणाला, "चड्डीत बर्फ गेलाय. काढायला मात्र तुम्ही नको."

काकू तिथेच खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी डोणी कुंपणाबाहेर पालथी पडलेली होती. मी ती ओढत परत आणली. गुरुवारी पुन्हा बाहेर. मग साखळी आणली आणि कुंपणाच्या खांबाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे. कोचना सांगितलंय, मागायची असेल तर सगळ्यांसमोर मागा.

उबाल्दोला डॉक्टरांनी आता खेळायला परवानगी दिली आहे. उद्या त्याचा पहिला सराव, आणि मला बाळाला लस टोचायला न्यायचंय. डोणी भरून जाईन. चारला मैदानावरून जाणार असाल तर कुंपणापाशी थांबा. त्याच्या जर्सीवर चौसष्ट नंबर आहे. तुमच्या कपड्यांवर काही बोलला तर खुशाल पुढे जा. गप्प असेल तर बरा आहेस का म्हणून विचारू नका, सगळे हो म्हणतात. वार विचारा.